बॉयलरच्या कारखान्यात गाठी घेऊन गेलेला डॉक्टर

सोनोग्राफी हा शब्द आता आपल्याकडे आजीबाईसुद्धा सहज बोलतात. तालुक्याच्या गावात दोन-तीन तरी सेंटर असतातच. बाहेरच्या बाकावर पाण्याची बाटली तोंडाला लावून बसलेल्या बायका, लघवी दाबून धरल्यामुळे चाललेली चुळबुळ, आत गेल्यावर पोटावर पडणारा तो गार गार जेलचा गोळा... आपल्यापैकी बहुतेक जणींनी हे अनुभवलेलं आहे. पण हे यंत्र आपल्या पोटापर्यंत आणलं कुणी, हे विचारलं तर शंभरात एखादीच सांगू शकेल. डॉक्टर मंडळी मात्र त्यांना चांगलीच ओळखतात. त्यांचं नाव इयान डोनाल्ड.

आणखी एक गंमत. सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते पोटातलं बाळ. पण डोनाल्ड यांनी हा खटाटोप सुरू केला तो बाळासाठी नव्हे. त्यांना छळत होत्या त्या बायकांच्या पोटातल्या गाठी. हाताला लागणारी गाठ पाण्याची आहे की मांसाची, साधी आहे की कॅन्सरची, हे पोट न उघडता कसं कळणार?

इयान डोनाल्ड यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यातल्या लिस्कर्ड या गावी झाला. घराणं मूळचं स्कॉटलंडचं आणि डॉक्टरांचं. वडील गावात प्रॅक्टिस करायचे, आई पियानो वाजवण्यात निष्णात. चार भावंडांत इयान थोरले. वडिलांची तब्येत बरी नसायची, म्हणून उबदार हवेसाठी सगळं कुटुंब दक्षिण आफ्रिकेत राहायला गेलं. पण १९२७ साली घरात घटसर्प शिरला. धाकटी भावंडं आजारी पडली, आईही आजारी पडली आणि गेली. त्यानंतर तीनच महिन्यांत वडीलही गेले. सोळा-सतरा वर्षांचं पोर, पाठीवर लहान भावंडं. घर सांभाळायला असलेल्या बाईंनीच, मॉड ग्रँट त्यांचं नाव, या मुलांना आईच्या मायेनं वाढवलं. थोर माणसांच्या चरित्रात अशा बाईंना एखाद-दुसरी ओळच मिळते. इथंही तेवढीच मिळाली आहे.

केपटाऊनला इयान यांनी पदवी घेतली ती भाषा आणि संगीत या विषयांत. त्यानंतर ते लंडनला आले आणि सेंट थॉमस हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात शिकून १९३७ साली डॉक्टर झाले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी, अ‍ॅलिक्सशी, त्यांचं लग्न झालं. या दोघांना पुढे चार मुली झाल्या. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडणार आहे.

दुसरं महायुद्ध पेटलं होतं. १९४२ साली डॉक्टरसाहेब हवाई दलात दाखल झाले. एकदा एक बॉम्बफेकी विमान कोसळून पेटलं. आत माणसं अडकलेली आणि बॉम्बही तसेच. डोनाल्ड आगीत घुसले आणि त्यांनी जवानांना बाहेर ओढून काढलं. त्याबद्दल १९४६ साली त्यांचा सरकारी सन्मान झाला. पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं आहे ते वेगळंच. हवाई दलात त्यांना रडार आणि सोनार ही यंत्रं जवळून बघायला मिळाली. रडार रेडिओलहरी सोडतं, सोनार पाण्यात आवाज सोडतं. लहर समोर कशावर तरी आपटून परत येते आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून ती वस्तू किती लांब आहे ते कळतं. आपण विहिरीत डोकावून हाक मारतो आणि प्रतिध्वनी ऐकतो, तसंच. समुद्राच्या तळाशी दडलेली पाणबुडी अशीच सापडायची. यंत्रांचा नाद त्यांना आधीपासूनच होता. लंडनमधले सहकारी तर त्यांना चक्क वेडा डोनाल्ड म्हणायचे! नवजात बाळांना श्वास घ्यायला मदत करणारं यंत्रही त्यांनी तयार केलं होतं.

१९५४ साली त्यांना स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमण्यात आलं. पुढच्याच वर्षी त्यांचं अवघड बाळंतपणांवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांतल्या कित्येक पिढ्यांनीही ते वाचलं आहे. ग्लासगो तेव्हा जहाजं आणि इंजिनं बांधणारं, धुरानं काळवंडलेलं शहर होतं. हॉस्पिटलात येणाऱ्या बायका कामगार वस्तीतल्या. पोट फुगलेलं, हाताला गाठ लागतेय, पण ती कसली याचा अंदाज डॉक्टरनं नुसत्या बोटांनी बांधायचा. पाळी चुकली म्हणून गर्भ समजावं तर गाठ निघायची, गाठ समजावं तर गर्भ निघायचा.

आता तुम्ही म्हणाल, एक्स-रे होता की! होता, १८९५ पासून होता. पण एक्स-रेचं एक दुखणं आहे. हाड त्याला स्वच्छ दिसतं, कारण हाडात कॅल्शियम असतं आणि ते किरण अडवतं. स्नायू, चरबी, गर्भाशय, अंडाशय, त्यातली गाठ ही सगळी मऊ मांसाची कुटुंबं. किरण या सगळ्यांतून जवळपास सारखेच आरपार जातात. त्यामुळे फोटोत सगळा राखाडी धुरळा. जठर-आतडी दिसावीत म्हणून बेरियमचं पांढरं औषध पाजून एक्स-रे काढत, पण त्यात दिसे ती फक्त पोकळीची कड. शिवाय किरण अंगाला बाधतात, गरोदर बाईवर तर ते नकोच.

आवाजाचं तसं नाही. आपल्या कानाला ऐकू येतो त्याच्या कितीतरी पट वरच्या पट्टीतला आवाज अंगात सोडला तर तो मऊ मांसातून सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगानं जातो. एक प्रकारचं मांस संपून दुसरं सुरू झालं की तिथल्या सीमेवरून थोडा आवाज परत फिरतो. पाणी असेल तर आत आपटायला काही नसतंच, आवाज सरळ निघून जातो आणि पलीकडच्या भिंतीवरून परत येतो. जिथं एक्स-रे आंधळा, तिथंच आवाज शहाणा. ही कल्पना एकट्या डोनाल्ड यांची होती असं मात्र नाही. ऑस्ट्रियात कार्ल ड्युसिक यांनी मेंदूवर असा प्रयोग केला होता, अमेरिकेत जॉन वाइल्ड हे स्तनातल्या गाठींवर करत होते. वाइल्ड यांचं काम डोनाल्ड यांना माहीत होतं. मनात आलं, स्तनातली गाठ कळते तर पोटातली का नाही?

ग्लासगोजवळ रेनफ्रू इथे बॅबकॉक अँड विलकॉक्स या कंपनीचा बॉयलर बनवण्याचा मोठा कारखाना होता. बॉयलरच्या जाड पत्र्यात किंवा सांध्यात आत कुठे चीर राहिली तर बॉयलर फुटायचा. म्हणून तिथं आवाजाच्या लहरींनी धातूतली चीर शोधणारं यंत्र वापरत. कंपनीच्या एका संचालकाची बायको डोनाल्ड यांची पेशंट. त्या ओळखीतून परवानगी मिळाली.

तारीख होती २१ जुलै १९५५. दोन मोटारींच्या डिक्यांमध्ये हॉस्पिटलातून काढलेल्या गाठी भरल्या. गर्भाशयातले फायब्रॉईड, अंडाशयातली मोठी पाण्याची गाठ, ताज्या ताज्या! अशी वरात घेऊन प्राध्यापकमहाशय कारखान्याच्या दारात हजर. कारखान्याच्या लोकांनीही पाहुण्यांसाठी तयारी ठेवली होती. तुलनेसाठी म्हणून त्यांनी गोमांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. म्हणजे एका टेबलावर खाटकाकडचं मांस आणि शेजारी बायकांच्या पोटातून निघालेल्या गाठी. जिथं रोज लोखंड तपासायचं, तिथं त्या दिवशी हे तपासलं गेलं.

आणि फरक कळला! यंत्राच्या पडद्यावर चित्र नव्हे, नुसत्या उभ्या रेघा उमटायच्या. पाण्याची गाठ ठेवली की अलीकडच्या भिंतीची एक रेघ, मग मोकळी जागा, मग पलीकडच्या भिंतीची रेघ. फायब्रॉईड ठेवलं की आत सगळीकडून बारीक बारीक प्रतिध्वनी आणि खोल जाल तसे ते मावळत जाणारे. पोकळ आणि भरीव यांतला भेद आवाजानं सांगितला होता. डोनाल्ड यांना एवढंच हवं होतं.

गाठ टेबलावर ठेवणं वेगळं आणि जिवंत बाईच्या पोटात असताना तिला ओळखणं वेगळं. लंडनच्या एका हॉस्पिटलनं दिलेलं जुनं यंत्र घेऊन काम सुरू झालं. ते अगदी त्वचेजवळचं काही दाखवतच नसे. म्हणून मग पोटावर पाण्यानं भरलेले फुगे ठेवून बघितले. बूड नसलेली बादली पोटावर ठेवून, कडेला व्हॅसलीन लावून तीत पाणी भरून बघितलं. बादली हलली की सगळं पाणी बाईच्या अंगावर आणि पलंगावर! ज्या बायकांनी हे सहन केलं त्यांचे उपकार आपण मानायला हवेत. इतर डॉक्टर या प्रकाराकडे गंमत म्हणूनच बघत होते.

इथे गोष्टीत दुसरा माणूस येतो. टॉम ब्राऊन. वय तेवीस-चोवीस, केल्व्हिन अँड ह्यूज या कंपनीत इंजिनीअर. चिरा शोधणारी यंत्रं हीच कंपनी बनवायची. १९५६ साली हा पोरगा एका हॉस्पिटलात वेगळ्याच कामाला गेला असताना त्याच्या कानावर आलं, की इथले एक प्राध्यापक लोखंड तपासायचं यंत्र माणसांवर वापरताहेत. त्यानं टेलिफोनच्या डिरेक्टरीत नंबर शोधून सरळ डोनाल्ड यांना फोन लावला आणि भेटायला गेला. तिथलं यंत्र बघून त्याला कळलं, की हे या कामाला लायकच नाही. त्यानं कंपनीकडून नवं यंत्र मिळवून दिलं. डोनाल्ड यांचे सहायक डॉ. जॉन मॅकव्हिकर आणि हा ब्राऊन, असं तिघांचं त्रिकूट जमलं. पुढे नाव झालं ते मुख्यत्वे प्राध्यापकांचं. ब्राऊनच्या वाट्याला फार उशिरा आणि बेताचंच कौतुक आलं. मला विचाराल तर यंत्र जितकं डोनाल्ड यांचं, तितकंच ते ब्राऊनचं आहे.

लोकांचं हसणं थांबलं ते एका बाईमुळे. तिचं पोट भयंकर फुगलेलं, उलट्या होत होत्या, वजन झपाट्यानं उतरत होतं. सर्जननी तपासलं, बेरियम पाजून एक्स-रे काढला. निदान झालं, की जठराचा कॅन्सर आहे आणि इतका पसरलाय की ऑपरेशनही करता येणार नाही. आपल्याकडे अशा वेळी घरी न्या म्हणतात, तोच प्रकार. सर्जननी कुतूहल म्हणून डोनाल्ड यांना यंत्र लावून बघायला बोलावलं. अपेक्षा होती ती पोटात पाणी भरलेलं दिसेल अशी. पण पडद्यावर दिसली ती वेगळीच रचना. अलीकडे एक भिंत, मध्ये मोकळी जागा, खूप लांब पलीकडे दुसरी भिंत. बॉयलरच्या कारखान्यात पाण्याच्या गाठीनं दाखवलं होतं, हुबेहूब तसंच! म्हणजे पोटात सुटं पाणी नव्हतंच. अंडाशयाची प्रचंड मोठी गाठ होती आणि तीच सगळं पोट व्यापून बसली होती. ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली, तपासली तर ती कॅन्सरची नव्हतीच. मरणाची वाट बघत पडलेली बाई बरी होऊन घरी गेली.

या एका केसनंतर डोनाल्ड यांनी मागे वळून पाहिलं नाही. हॉस्पिटलातली कुठलीही गाठ आता आधी त्यांच्याकडे येऊ लागली. दरम्यान ब्राऊननं रेघांऐवजी चित्र कसं उमटेल यावर डोकं लावलं. पलंगावर जेवणाचं ताट ठेवायला जे सरकतं टेबल असतं, तसलं एक हॉस्पिटलातून आणून त्याचा सांगाडा केला. त्याला आवाज सोडणारा दांडा लटकवला. पोटावर ऑलिव्हचं तेल चोळायचं आणि दांडा हातानं हळूहळू फिरवत न्यायचा. आवाज परत येईल तिथे पडद्यावर एक ठिपका, असे ठिपके जुळत जुळत पोटाच्या आडव्या कापाचं चित्र तयार व्हायचं. कलिंगडाची चकती कापावी तसं, फक्त सुरी न लावता. आपल्या पोटावर आज जो जेल लावतात, तो या ऑलिव्ह तेलाचाच वारस. त्वचा आणि दांडा यांच्यात हवा राहिली तर आवाज आत शिरतच नाही, म्हणून हे लेपन.

७ जून १९५८ रोजी लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राऊन या तिघांचा लेख प्रसिद्ध झाला. शंभर पेशंटांच्या तपासणीवरचा. सोनोग्राफीच्या इतिहासात हा लेख फार मोठा मानला जातो. त्याचं शीर्षकच आहे पोटातल्या गाठींच्या तपासणीविषयी. बाळ त्यात आहे, पण पाहुण्यासारखं.

बाळ पुढे आलं ते गाठींच्या मागोमाग. गाठ म्हणून तपासायला घेतलेल्या पोटात गर्भ निघायचा, तेव्हा डोक्याचा गोल स्पष्ट उमटायचा. मग त्या गोलाची रुंदी मोजून बाळाची वाढ ठरवता येऊ लागली. सुरुवातीच्या महिन्यांतला गर्भ मात्र दिसत नव्हता, कारण तो ओटीपोटात खाली आणि वर आतडी. आतड्यांत हवा, आणि हवा म्हणजे आवाजाची वैरीण. १९६३ साली लक्षात आलं, की मूत्राशय भरलेलं असलं तर आतडी बाजूला सरतात आणि पाण्यातून आवाज थेट गर्भाशयापर्यंत पोचतो. बाहेरच्या बाकावर आपण पाण्याच्या बाटल्या रिचवत बसतो ना, त्याचं मूळ हे! द्राक्षगर्भाचं निदानही याच काळात जमू लागलं. त्यात गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखी वाढ होते. पूर्वी हे कळेपर्यंत बाईचा बराच रक्तस्राव झालेला असायचा. पडद्यावर ते हिमवादळासारखं, पांढऱ्या ठिपक्यांचं दिसतं.

ग्लासगोत बायकांसाठी नवं प्रसूतिगृह व्हावं म्हणून डोनाल्ड यांनी बरीच धडपड केली. क्वीन मदर्स हॉस्पिटल १९६४ साली सुरू झालं आणि तिथं सोनोग्राफीचा विभाग उभा राहिला.

स्वतःच्या शरीरानं मात्र त्यांना फार साथ दिली नाही. हृदयाच्या झडपा खराब झालेल्या होत्या. तीन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यातली पहिली १९६१ साली, जेव्हा काम ऐन भरात होतं. पलंगावर पडल्यापडल्याही काम सुरूच. खाटेवर पडलेल्या माणसाला काय वाटतं, हे त्यांनी डॉक्टरांसाठी लिहूनही ठेवलं आहे. स्वभाव तापट, जीभ तिखट, पण पेशंटशी वागणं मायेचं, असं त्यांच्याबरोबर काम केलेली मंडळी सांगत.

त्यांच्या आयुष्यात एक वादाचं प्रकरणही आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये १९६७ साली गर्भपाताचा कायदा झाला. डोनाल्ड धार्मिक ख्रिस्ती. त्यांनी या कायद्याला जोरदार विरोध केला. नुसती भाषणं करून ते थांबले नाहीत. गर्भपातासाठी आलेल्या बाईला ते पडद्यावर हलणारा गर्भ दाखवत, तिचं मन बदलावं म्हणून. आधीच अडचणीत सापडलेल्या बाईवर असा दबाव आणणं मला तरी पटत नाही. पण ज्याला आयुष्यभर बायकांच्या पोटातलं न दिसणारं दाखवायचं होतं, त्याला ते दाखवल्याशिवाय राहवलं नाही, हेही समजू शकतं.

आता त्या चार मुलींची गोष्ट. ज्या माणसाच्या घरात चार लेकी आनंदानं वाढल्या, त्याच्या यंत्राचा आपल्याकडे काय उपयोग झाला, हे कुणी सांगायला नको. गर्भजल काढून लिंग बघण्याचा धंदा आधीच सुरू होता, सोनोग्राफीनं तो सोपा आणि स्वस्त केला. मुंबईत स्त्री संघटनांनी रस्त्यावर उतरून आवाज उठवला आणि १९८८ साली महाराष्ट्रानं गर्भलिंग तपासणीवर कायदा केला. देशात पहिला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला, पण तो बराच काळ कागदावरच राहिला. २००० साली मुंबईची सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे सरकारं हलली, आणि २००३ साली कायदा कडक झाला. तरीही आकडे बघा. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ झाल्या. २०११ साली ८९४. तुमच्या-आमच्या ओळखीच्या घरांतूनच या मुली कमी झाल्या आहेत. सोनोग्राफी सेंटरबाहेर इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही ही पाटी लावावी लागते, तेव्हा मला गाठींनी भरलेल्या त्या दोन डिक्या आठवतात.

आणि ज्या कामासाठी यंत्र जन्मलं ते गाठीचं काम? तिथंही आपल्याकडे गोंधळ आहेच. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं उघडकीस आली. राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. सोनोग्राफीचा कागद पुढे धरून, पिशवीला गाठ आहे, कॅन्सर होईल, असं घाबरवलं की बाई ऑपरेशनला तयार होते. ज्या यंत्रानं एका बाईला कॅन्सर नाही हे सांगून वाचवलं, त्याचाच कागद भीती घालायला वापरायचा!

म्हणून थोडं समजून घेऊ या. अंडाशयात पातळ भिंतीची, नुसतं पाणी असलेली लहान गाठ ही तरण्या बायकांत अगदी नेहमीची गोष्ट आहे. दर महिन्याच्या चक्रात ती होते आणि बऱ्याचदा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. डॉक्टर पुन्हा सोनोग्राफीला बोलावतात ते त्याचसाठी. फायब्रॉईड बहुतेक वेळा कॅन्सरचं नसतं. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. गाठीत भरीव भाग असेल, आत पडदे असतील, पाळी गेलेल्या बाईला नव्यानं गाठ आली असेल, तर मात्र टाळाटाळ नको. स्तनात गाठ लागली तर तरुण वयात सोनोग्राफी फार उपयोगी पडते. पाण्याची की भरीव हा जुना, डोनाल्ड यांचाच प्रश्न ती चटकन सोडवते. वय चाळिशीपुढचं असेल तर मॅमोग्राफीही करतात. भरीव निघाली तर सोनोग्राफीत बघत बघत नेमक्या जागी सुई घालून तुकडा काढतात. कॅन्सर आहे की नाही याचा शेवटचा शब्द त्या तुकड्याचा, फोटोचा नव्हे.

हातापायांच्या मांसात येणाऱ्या गाठींकडे तर आपण फारच दुर्लक्ष करतो. मांडीत गाठ आहे, दुखत नाही, म्हणजे चरबीचीच असणार असं ठरवून टाकतो. बहुतेक वेळा ती असतेही चरबीची. पण गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, खोल स्नायूत असेल किंवा भराभर वाढत असेल, तर कुठेही कापून काढू नये. आधी सोनोग्राफी, मग एमआरआय, मग सुईनं तुकडा, आणि त्यानंतरच ऑपरेशन. एमआरआयमध्ये लोहचुंबकाच्या जोरावर मऊ मांसाचे थर वेगवेगळे दिसतात. गाठ नसेला किंवा रक्तवाहिनीला चिकटली आहे का, हे सर्जनला चाकू लावण्याआधीच कळतं. ही वाढ कॅन्सरची असेल आणि घाईनं अर्धवट काढली गेली, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. आणि रिपोर्ट कुठलाही असो, त्याची एक प्रत आपल्यापाशी हवी. मोठं ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवून विचारायला लाजू नये. तो आपला हक्क आहे.

डोनाल्ड १९७६ साली निवृत्त झाले. त्याआधी, १९७३ साली, ब्रिटिश सरकारनं त्यांना मोठा किताब दिला होता. निवृत्तीनंतर ते अ‍ॅलिक्सबरोबर एसेक्समधल्या पॅगल्शम या खाडीकाठच्या लहानशा गावी राहायला गेले. आईकडून आलेला पियानो होता, होडी होती, चित्रकलेचा छंद होता. तोपर्यंत सोनोग्राफीची यंत्रं आकारानं लहान होत जगभर पसरली होती आणि पडद्यावरचं चित्र हलूही लागलं होतं. १९८१ साली युगोस्लाव्हियातल्या दुब्रोवनिक शहरात डॉक्टरांना सोनोग्राफी शिकवणारी एक शाळा सुरू झाली, तिला इयान डोनाल्ड यांचंच नाव देण्यात आलं. तीन वेळा दुरुस्त केलेल्या हृदयानं वयाच्या ७७ व्या वर्षापर्यंत साथ दिली. १९ जून १९८७ रोजी पॅगल्शमच्या घरी ते वारले. मागे अ‍ॅलिक्स आणि चार मुली होत्या.